कुलंट टेम्परेचर सेन्सर पुन्हा पुन्हा जातोय? तिसरा घेण्याआधी हे तपासा

चेक इंजिनचा दिवा लागतो, गॅरेजवाला स्कॅनर लावतो, "टेम्परेचर सेन्सर गेलाय की ओ" म्हणतो आणि नवा घालतो. काही आठवडे बरे जातात. मग चोर्ला घाट चढताना किंवा पावसाच्या पहिल्या झडीत दिवा परत लागतो आणि पुन्हा नवा सेन्सर येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ही तक्रार नेहमी ऐकू येते. माझं मत स्पष्ट आहे: हा सेन्सर इतक्या सहज मरणारी वस्तू नाही. त्यात हलणारा एकही भाग नसतो, आणि चांगल्या कंपनीचा असला तर तो वर्षानुवर्षं चालतो. एकाच गाडीत तो दुसऱ्यांदा 'गेला' असेल, तर वायर, अर्थिंग, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) किंवा थर्मोस्टॅट (कुलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) यांपैकी काहीतरी त्याला मारतंय, नाहीतर तो धडधाकट असताना त्याला मेलेला दाखवतंय. ते शोधायचं कसं, ते पुढे सांगतो. यातलं बरंचसं काम घरच्या अंगणात होतं.

आधी त्याचं काम समजून घ्या

पितळी किंवा प्लास्टिकच्या टोपणात एक थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, त्याला ५ व्होल्टचा पुरवठा देतो आणि किती व्होल्ट शिल्लक राहिले यावरून कुलंट किती तापलं ते ओळखतो. वायर तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीएमला वाटतं, कुलंट उणे ४० अंशांवर आहे. वायर बॉडीला टेकून शॉर्ट झाली तर व्होल्टेज शून्याजवळ जातं आणि इंजिन १३० अंशांच्या वर गेल्यासारखं दिसतं. बेळगावच्या हवेत उणे ४० कधीच खरं नसतं, त्यामुळे हा आकडा दिसला की वायरिंगचा संशय घ्यायचा.

या एका आकड्यावर पेट्रोल किती सोडायचं, रेडिएटरचा फॅन कधी लावायचा, एसी कधी बंद करायचा, हे सगळं ठरतं. म्हणून सेन्सर चुकीचं बोलला की गरम गाडी लवकर सुरू होत नाही, काळा धूर येतो, ॲव्हरेज पडतं, किंवा फॅन सकाळच्या गारव्यातही एकसारखा फिरत राहतो. फॅनचं हे फिरणं बहुतेक गाड्यांत मुद्दाम ठेवलेलं असतं. सेन्सरवर भरवसा राहिला नाही की ईसीएम इंजिन वाचवायला फॅन चालू ठेवतो.

जुन्या गाड्यांत दोन वेगळे सेन्सर असू शकतात: एक वायरचा डॅशबोर्डवरच्या हीट काट्यासाठी आणि दोन वायरचा ईसीएमसाठी. कुठला बदलला गेला, ते आधी विचारा. काटा नीट चालत नाही म्हणून ईसीएमचा सेन्सर बदलला, असंही होतं.

सामान

मल्टिमीटर, मोबाइलला जोडणारा ओबीडी ॲडॅप्टर (ईसीएममधले कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारा), उजेडासाठी बॅटरी (टॉर्च), दोन टाचण्या आणि पाण्यात बुडवता येईल असा थर्मामीटर. गाडीच्या मॅन्युअलमधला सेन्सरचा तक्ता मिळाला तर उत्तम.

तापलेल्या इंजिनचं रेडिएटर कॅप उघडू नका, फडकं धरूनही नाही. दाबाखालचं कुलंट उसळून तोंडावर येतं. चावी बंद असली तरी काही गाड्यांत फॅन अचानक फिरतो, त्यामुळे हात लांब ठेवा. कुलंटची चव गोडसर असते आणि ते विषारी असतं, म्हणून सांडलेलं लगेच धुवा. कुत्री-मांजरं ते चाटतात.

पहिली पायरी: कोड लिहून घ्या, लगेच पुसू नका

ईसीएम प्रत्येक बिघाडाचा एक कोड नोंदवून ठेवतो. गॅरेजमध्ये घाईत कोड क्लिअर करतात आणि पुरावाच जातो. पी०११८ म्हणजे व्होल्टेज जास्त: वायर तुटलेली, पिन सुटलेली. पी०११७ म्हणजे व्होल्टेज कमी: कुठेतरी शॉर्ट. पी०११९ म्हणजे सिग्नल मधूनमधून तुटतोय, आणि लूज कॉन्टॅक्टचं हे सर्वांत चांगलं लक्षण आहे. पी०११६ म्हणजे आकडा येतोय पण पटत नाही. आणि पी०१२८ आला असेल तर इंजिन पुरेसं तापतच नाहीये. तिथे सेन्सर बदलणं म्हणजे पैसे वाया. सोबत दुसऱ्या सेन्सरचेही कोड असतील तर त्यांची सामाईक अर्थ वायर आधी बघा.

दुसरी पायरी: सकाळची परीक्षा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता फक्त चावी ऑन करा. मोबाइलवर दोन आकडे बघा: कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही जवळपास सारखे हवेत, चार-पाच अंशांचा फरक चालतो. हवा १८ आणि कुलंट ५ दाखवत असेल तर सेन्सर चुकीचा आहे किंवा जोडणीत रेझिस्टन्स घुसलाय.

मग इंजिन सुरू करून आकडा कसा चढतो ते बघत बसा. तो सावकाश, न अडखळता वर गेला पाहिजे. साधारण ८० ते ९० च्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा क्षणभर थांबेल, किंचित खाली येईल, पुन्हा चढेल. एकदम ८५ वरून उणे ४० वर पडला तर ते वायरिंग आहे, कारण पाच-सहा लिटर कुलंट एका सेकंदात थंड होत नाही.

तिसरी पायरी: कनेक्टर. इथे घाई करू नका

बहुतेक दुखणी इथेच सापडतात. इंजिन थंड असताना कनेक्टरचं लॉक दाबून तो काढा आणि बॅटरीच्या उजेडात आत बघा. पिना पिवळ्या-पांढऱ्या आणि स्वच्छ हव्यात. पिनेच्या मुळाशी हिरवट-निळसर भुकटी दिसली, तर तांब्याला गंज चढलाय. कनेक्टरमध्ये ओल असेल आणि ती बोटांना चिकट, तेलकट लागत असेल, तर ते पावसाचं पाणी नाही, कुलंट आहे. सेन्सरचं आतलं सील फुटलं की कुलंट पिनांमधून कनेक्टरमध्ये येतं आणि वायरच्या तारांमधून, समईच्या वातीत तेल चढतं तसं, पुढे चढत जातं. अशा वेळी फक्त सेन्सर बदलला तर नवा सेन्सर त्याच सडलेल्या कनेक्टरला जोडला जातो आणि दोन-चार महिन्यांत कोड परत येतो. कनेक्टर त्याच्या वायरच्या शेपटासह नवा लावायचा. जुनी वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापायची. काळी पडलेली तार सोल्डर धरत नाही. जोडावर नुसती टेप गुंडाळू नका, हीट श्रिंक ट्यूब चढवा.

पिनांची पकडही बघा. टेस्टिंगसाठी जाड खिळा किंवा मीटरचं टोक समोरून खुपसलं की कनेक्टरमधल्या पिना पकडणाऱ्या कळा रुंदावतात आणि गाडी धडधडली की कॉन्टॅक्ट सुटतो. म्हणून टाचणी नेहमी मागच्या बाजूने, वायरच्या कडेने सरकवा.

आपल्याकडे आणखी तीन गोष्टी या कनेक्टरच्या मुळावर येतात. एक, पाऊस. कणकुंबी-जांबोटीकडच्या गाड्यांना चार महिने ओल सुटत नाही. दोन, वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून मारलेला प्रेशरचा फवारा. तीन, उंदीर. घराभोवती ऊस आणि भात असलेल्या गावांत पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनवर येऊन बसतात आणि वायर कुरतडतात. वायर बाहेरून धड दिसते, आत दोन तारांवर लोंबकळत असते. म्हणून इंजिन चालू ठेवून, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, वायर थोडी थोडी हलवत जा आणि मोबाइलवर आकडा बघा. जिथे आकडा उडी मारेल, तिथली टेप उकला.

चौथी पायरी: वायर आणि ईसीएम वेगळे काढा

ही चाचणी दोन वायरच्या सेन्सरसाठी आहे. कनेक्टर काढून चावी ऑन करा. आकडा उणे ४० च्या आसपास जायला हवा आणि कनेक्टरच्या दोन पिनांत ५ व्होल्ट मिळायला हवेत. आता दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. आकडा १३० किंवा त्याच्याही वर गेला तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक. काही गाड्या कोड पडताच मनाचा आकडा दाखवू लागतात. तिथे व्होल्टेजवर भरवसा ठेवा. उणे ४० वरून हललाच नाही, तर तुटलेली वायर शोधा. ईसीएमवर सर्वांत शेवटी संशय घ्या.

पाचवी पायरी: काढलेला सेन्सर पातेल्यात

"जुना टाकून दिला" असं सांगू देऊ नका, मागून घ्या. स्वयंपाकात परत न वापरायच्या भांड्यात पाणी घेऊन सेन्सरचं फक्त टोक बुडवा, मीटर ओहमवर ठेवा आणि पाणी तापवा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास आणि उकळीला दोनशेच्या जवळ येतात. नेमके आकडे मॅन्युअलचे घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. उकळी म्हणजे १०० धरून सेन्सरला दोष देऊ नका, थर्मामीटर वाचा.

'गेलेला' सेन्सर या परीक्षेत बरोबर निघाला, तर तुमचं उत्तर मिळालं: बिघाड बाहेर आहे. खरंच खराब निघाला तर तो डुप्लिकेट होता का, ते बघा. आटे तेच असतात, पण आतला थर्मिस्टर वेगळ्या गाडीचा असू शकतो. पेट्रोल आणि डिझेलचा पार्ट नंबरही अनेकदा वेगळा असतो. दुकानात गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुन्यावरचा नंबर दाखवा.

सहावी पायरी: अर्थिंग

इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू. मीटरचं काळं टोक गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टपेक्षा कमी हवं. जास्त असेल तर इंजिनची अर्थ पट्टी सैल आहे, गंजलीय, किंवा क्लचच्या कामानंतर लावायचीच राहून गेलीय. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं कॅप उघडून, इंजिन बंद ठेवून, लाल टोक धातूला न टेकवता कुलंटमध्ये बुडवा. इथेही ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर कुलंट जुनं होऊन आंबट झालंय किंवा कुठलातरी करंट कुलंटमधून वाट काढतोय. असा करंट सेन्सर आणि रेडिएटर दोन्ही खातो. बाहेरून बसवलेले हॉर्न, जादा दिवे, म्युझिक सिस्टिम एकेक करून काढून बघा.

एक वायरच्या सेन्सरची अर्थ त्याच्या आट्यांतूनच होते. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळली की काटा खोटं बोलतो.

सातवी पायरी: पाणी आणि थर्मोस्टॅट

अथणी, रायबाग, चिकोडीकडचं बोअरचं क्षारांचं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की सेन्सरच्या टोकावर पांढरा थर बसतो आणि तो उशिरा, कमी तापमान सांगतो. खानापूरकडे लोक म्हणतात, आमचं मलप्रभेचं पाणी गोडं आहे. असेना का, त्यात गंज थांबवणारं रसायन नाही. कंपनीने सांगितलेलं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण तसंच वापरा. वेगवेगळ्या प्रकारचं कुलंट एकत्र करू नका.

कुलंट कमी असलं की सेन्सरचं टोक द्रवात न राहता वाफेत राहतं. आकडा खालीवर नाचतो, आणि इंजिन खरोखर तापलं तर सेन्सरचं सीलही जातं. गळती कुठेच दिसत नाही तरी पातळी उतरते, टाकीत बुडबुडे येतात, सकाळी पांढरा धूर येतो, ही लक्षणं एकत्र असतील तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) तपासून घ्या. अशी गाडी घाटात नेऊ नका.

थर्मोस्टॅटबद्दल मला कळकळीने सांगायचंय. "घाटात गाडी तापते, काढून टाकू" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त जातं, पी०१२८ येतो आणि दोष पुन्हा सेन्सरवर जातो. गाडी तापत असेल तर रेडिएटरची जाळी, फॅन, पंप आणि कॅप बघा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाड्यांची जाळी पाचटाने आणि धुळीने भरते, ती आतल्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा.

नवा बसवताना

नवी वॉशर किंवा ओ-रिंग घाला, आट्यांना हाताने सुरुवात करा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंतच आवळा. प्लास्टिकच्या बॉडीला जोर लावला की बारीक चीर पडते आणि गळती महिन्याभराने दिसते. कुलंट भरल्यावर हीटर फुल्ल गरमवर ठेवून हवा काढा. ब्लीड स्क्रू असेल तर तिथून बुडबुडे थांबेपर्यंत.

मग कोड क्लिअर करा आणि चढणीवर चाचणी घ्या. बेळगावकरांना वंटमुरी घाट, निपाणीकरांना तवंदी घाट जवळ आहे. सोबत बसलेल्याला मोबाइलवरचा आकडा बघायला सांगा: चढावर तो थोडा वाढेल, फॅन लागला की उतरेल, पण उडी मारणार नाही. परत आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कुलंटची पातळी बघा आणि कनेक्टर एकदा काढून पिना कोरड्या आहेत ना, ते तपासा.