महिन्याचं बजेट का कोलमडतं आणि ते कसं सावरायचं

बहुतेकांचं बजेट दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कोलमडतं आणि दोष बाहेरच्या जेवणाला किंवा चहा-कॉफीला दिला जातो. हिशेब उघडून बघितला तर मोठं भगदाड सहसा दुसरीकडेच सापडतं: विम्याचा वार्षिक हप्ता, शाळेची फी, वाहनाची दुरुस्ती, प्रवास, लग्नाकार्यातले आहेर. हे खर्च दर महिन्याला दिसत नाहीत, म्हणून बजेटमध्ये येत नाहीत. आले की बचतीतून जातात, नाहीतर क्रेडिट कार्डावर. त्यामुळे सुरुवात इथूनच करावी.

मागच्या पूर्ण 12 महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कार्डाची बिलं काढा. एकाच महिन्याचं बघून उपयोग नाही. प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा: दर महिन्याला ठरलेला खर्च, दर महिन्याला कमीजास्त होणारा खर्च, अधूनमधून येणारा खर्च. या कामाला दोन-तीन तास लागतात आणि ते एका बैठकीत उरकलेलं बरं. रोख काढलेल्या पैशांचा पत्ता स्टेटमेंटमध्ये लागत नाही. त्यासाठी पुढचे 30 दिवस प्रत्येक रोख खर्च त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की किरकोळ रकमा हमखास विसरतात. रकाने मात्र आठ-दहाच ठेवा. पंचवीस रकाने केले की कुठला खर्च कुठे टाकायचा या घोळात वही बंद पडते.

आता तिसऱ्या खुणेचे खर्च वेगळ्या कागदावर घ्या आणि प्रत्येकापुढे रक्कम व महिना लिहा. समजा विमा 18,000, फी 36,000, दुरुस्ती 12,000, प्रवास 24,000, आहेर आणि भेटवस्तू 6,000. बेरीज 96,000, म्हणजे महिन्याला 8,000. मिळकत 60,000 असेल तर तेरा टक्क्यांहून जास्त रक्कम आधीच बांधलेली आहे, आणि आपण ती मोकळी समजून खर्चत होतो.

इथे एक अडचण येते. विम्याचा हप्ता तीन महिन्यांवर असेल, तर 12 ने भागून काढलेले 1,500 पुरणार नाहीत. पहिल्या वर्षी प्रत्येक खर्चासाठी रकमेला उरलेल्या महिन्यांनी भागा: 18,000 भागिले 3, म्हणजे महिन्याला 6,000. पहिलं वर्ष त्यामुळे जड जातं. ओढाताण झाली तर प्रवासासारखा आपल्या हातातला खर्च पुढे ढकला. विमा आणि फी ढकलू नका. एकदा हप्ता भरला की पुढच्या वर्षासाठी महिन्याला 1,500 पुरतात.

हे पैसे स्वतंत्र बचत खात्यात ठेवा. त्या खात्याचं डेबिट कार्ड खिशात नको आणि मोबाइल पेमेंटच्या ॲपलाही ते खातं जोडू नका. रोजच्या खात्यात पडलेली रक्कम शिल्लक वाटते आणि खर्च होते.

बचत महिनाअखेरीस उरेल त्यातून करायची ठरवली, तर बहुधा काही उरतच नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी स्थायी सूचना बँकेला द्या. पगाराची तारीख मागेपुढे होत असेल तर तीन दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर खात्यात पैसे नसताना सूचना फसते. सुरुवात मिळकतीच्या 5 टक्क्यांपासून करा आणि दर दोन महिन्यांनी 1 टक्का वाढवा. एकदम 30 टक्के वळते केले की पंधरा तारखेला तेच पैसे परत काढावे लागतात आणि मग उत्साहच संपतो. पगारवाढ झाली तर वाढलेल्या रकमेतला अर्धा भाग पहिल्याच महिन्यात बचतीला जोडा. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुढच्या पगारवाढीतून बचत वाढवण्याचं आधीच कबूल केलेल्या कर्मचाऱ्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली होती. हातात येणारी रक्कम घटत नाही, म्हणून ही वाट सोपी जाते.

उरलेले पैसे आठवड्याच्या हिशेबाने वापरा. महिन्याचा आकडा पहिल्या दहा दिवसांत भरपूर वाटतो आणि तिथेच हात सैल सुटतो. पण महिन्याला 4 ने भागू नका, शेवटचे दोन-तीन दिवस कोरडे जातात. 15,000 असतील तर त्यांना 30 ने भागून 7 ने गुणा: आठवड्याला 3,500.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पंधरा मिनिटं हिशेब बघा. एखाद्या रकान्यात जास्त खर्च झाला तर दुसऱ्या रकान्यातून तेवढी रक्कम कापा आणि तसं लिहून ठेवा. त्याच रकान्यात ओळीने तीन महिने तूट येत असेल, तर मुळातला अंदाजच कमी धरलेला असतो. आकडा वाढवा आणि तेवढं दुसरीकडून कमी करा. एखादा आठवडा चुकला म्हणून सगळं सोडून देऊ नका, पुढच्या वारी तिथूनच सुरू करा.

कार्डाची थकबाकी असेल तर क्रम महत्त्वाचा. महिन्याला 3 टक्के व्याज म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे 42.6 टक्के, कुठल्याही बचत खात्याचं व्याज त्याच्या जवळपासही पोचत नाही. म्हणून आधी एका महिन्याच्या गरजेच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवा, मग सगळा जोर थकबाकीवर लावा, आणि ती फिटल्यावर राखीव रक्कम तीन ते सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत न्या. ती एक महिन्याची रक्कम आधी का? तीच नसेल तर पहिल्याच दुखण्याला पुन्हा कार्ड बाहेर काढावं लागतं.

मिळकत दर महिन्याला वेगळी असेल तर गेल्या 12 महिन्यांतला सर्वांत कमी मिळकतीचा महिना शोधा आणि बजेट त्याच आकड्यावर बांधा. सगळी कमाई आधी एका खात्यात येऊ द्या, तिथून ठरलेल्या तारखेला तेवढीच रक्कम स्वतःला पगार म्हणून द्या. चांगल्या महिन्यातलं जास्तीचं तिथेच राहू द्या, मंद महिन्यातला पगार त्यातून निघतो.