मुळासकट निघालेला दात कसा वाचवावा

पडून किंवा चेंडू लागून मुलाचा समोरचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो फेकून देऊ नये. पहिल्या अर्ध्या तासात नीट काळजी घेतल्यास तोच दात पुन्हा रुजण्याची शक्यता बरीच असते. दात पांढऱ्या, चावण्याच्या बाजूनेच धरावा, कारण मुळावरच्या नाजूक पेशी जिवंत राहिल्या तरच तो हाडाशी नीट जुळतो, आणि म्हणूनच माती लागली असली तरी तो घासू नये, साबण लावू नये की रुमालाने पुसू नये. दुधाने किंवा वाहत्या थंड पाण्याखाली सुमारे 10 सेकंद धुणे पुरेसे असते. मग तो लगेच खाचेत सरळ बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे. तेवढे धाडस होत नसेल, तर तो दुधात ठेवावा (साध्या पाण्यात त्या पेशी फुगून मरतात) आणि तडक दंतवैद्याकडे जावे. ते हा दात शेजारच्या दातांच्या आधाराने साधारण 2 आठवडे बांधून ठेवतात. प्रत्येक क्रीडाशिक्षकाला हे ठाऊक असायलाच हवे, असे मला मनापासून वाटते. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, कारण त्यामुळे हिरडीच्या आत वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.