कृष्णधवल दस्तऐवजी छायाचित्रण : ग्रामीण भागात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी हे काम शिकायला घेतले तेव्हा रंग काढून टाकला की चित्राला आपोआप वजन येते, अशी माझी भाबडी समजूत होती. पहिल्याच फेरीत हिरव्यागार शेतात लाल कपड्यांत उभी असलेली एक स्त्री मी टिपली. डोळ्यांना ती ठसठशीत दिसत होती, परंतु फिल्मवर लाल आणि हिरवा जवळपास एकाच करड्या छटेचे उतरले आणि ती पिकात विरघळून गेली. रंगाबरोबर जी माहिती निघून गेली होती, तिच्या जागी मी दुसरे काहीच ठेवले नव्हते.

ती उणीव भरून काढण्याचे पहिले साधन म्हणजे प्रकाश. सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड नांगरटीच्या सऱ्या, मातीच्या भिंती आणि हातावरच्या सुरकुत्या उठावदार करतो. भर दुपारी हे सगळे सपाट होते. दुसरे साधन फिल्टर, म्हणजे भिंगावर लावायची रंगीत काच. पिवळा फिल्टर निळे आकाश किंचित गडद करून ढग वेगळे काढतो आणि त्यासाठी साधारण 1 स्टॉप जास्त प्रकाश लागतो (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट करावा लागतो). लाल फिल्टर आकाश जवळजवळ काळे करतो, पण 3 स्टॉप खातो. मळभ असेल तर आकाशावर दोहोंचा फारसा उपयोग होत नाही. भूदृश्यासाठी लावलेला लाल फिल्टर माणसांकडे वळण्यापूर्वी आठवणीने काढावा, नाहीतर त्वचा पांढुरकी पडते आणि ओठ पुसल्यासारखे दिसतात (ही चूक मी एकदा नव्हे, तीनदा केली आहे). डिजिटल कॅमेऱ्यावर रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, रंगांसह मूळ माहिती) ठेवून पडद्यावरचे दृश्य मात्र कृष्णधवल करून घ्यावे. रंगांचे तोल नंतर संगणकावर बदलता येतात आणि नजरही छटांमध्ये विचार करू लागते.

एक्सपोजरचा, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा याचा, नियम माध्यमानुसार उलटतो. निगेटिव्ह फिल्मवर सावलीतला तपशील जपावा, कारण तिथे न उमटलेले नंतर परत आणता येत नाही. डिजिटलमध्ये तीच काळजी उजळ भागांची घ्यावी.

आता ज्या साधनाकडे नवखे सर्वांत कमी लक्ष देतात ते, म्हणजे वही. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे एका स्थलांतरित शेतमजूर आईचे छायाचित्र घेतले आणि ते त्या काळातील मंदीची ओळख बनले. त्या स्त्रीचे नाव आपण विचारलेच नव्हते, असे लँग यांनी पुढे लिहिले. ती कोण, हे जगाला 1978 मध्ये कळले आणि ती चेरोकी वंशाची असल्याचेही त्यानंतरच लोकांना समजले. इतके समर्थ चित्रही एवढे सांगू शकले नाही. म्हणून व्यक्तीची संमती, नाव, गाव, तारीख, हातातले काम आणि त्या कामाचे तिथल्या बोलीतले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. पुढच्या भेटीत छापलेले चित्र घेऊन गेलात तर तुमच्या नोंदींतल्या चुका लोक स्वतःच दुरुस्त करतात.

माझ्याकडे एका वृद्ध कारागिराचे चित्र आहे. त्यात लाकडाचा रेषा-पोत, लोखंडाची चकाकी, बोटांवरचे घट्टे, सारे स्पष्ट आहे. त्याच्या हातातल्या अवजाला काय म्हणतात, हे मात्र मी विचारले नव्हते. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा तो हयात नव्हता, आणि त्या चित्राखाली मी अजूनही फक्त 'अवजार' असेच लिहितो.