३५ मीटरच्या आत: स्थलांतराच्या दिवसांतली बदकांची आणि रानहंसांची शिकार

या शिकारीत बंदुकीचं काम शेवटच्या दोन सेकंदांपुरतं असतं. त्याआधीची सगळी मेहनत पक्षी ३५ मीटरच्या आत यावा म्हणून, आणि तो आला नाही तर बंदूक खांद्याला न लावणं हीसुद्धा शिकारच. नवा माणूस माझ्यासोबत येतो तेव्हा पहिल्या सकाळी मी त्याला काडतुसं देत नाही. त्याने फक्त बघायचं: पक्षी कधी लांब आहे, कधी टप्प्यात आला.

आधी कायदा. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ही शिकार गुन्हा आहे. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ती करता येते. हंगामाच्या तारखा, कोणत्या जातीचे किती पक्षी, बंदुकीत किती काडतुसं हे सगळं दरवर्षी नव्याने वाचा, कारण ते बदलत राहतं.

दिवस निवडायचा तो हवामान बघून. उत्तरेकडून थंड हवा सरकली आणि वारा पाठीमागून मिळाला की थवे रात्रीतून मोठा पल्ला मारतात. थंडीची लाट येऊन गेल्यावरची पहिली-दुसरी सकाळ मी सहसा सोडत नाही. नवे आलेले पक्षी भुकेले असतात आणि त्या पाण्याचा धोका अजून शिकलेले नसतात.

आता वारा. बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका: बदक वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं. म्हणून वारा तुमच्या पाठीवर किंवा तिरका मागून हवा, म्हणजे उतरणारा पक्षी समोरून येतो. सूर्यही पाठीशी मिळाला तर उत्तमच, पण दोन्ही जमत नसेल तर मी वारा धरतो. डिकॉय म्हणजे बनावट बदकं साधारण इंग्रजी यू अक्षरासारखी मांडा आणि मधलं पाणी मोकळं ठेवा. उघडी बाजू वारा जिकडे वाहतो तिकडे, म्हणजे तुमच्यापासून लांब. बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्यावरून उतरायला बदकं कचरतात. त्यांना ती मोकळी जागाच हवी असते. सगळ्यात लांबचं डिकॉय पावलांनी मोजून बरोबर ३५ मीटरवर ठेवा. तीच तुमची हद्द. पाणी निपचित असेल तर एका डिकॉयला दोरी बांधून अधूनमधून ओढा, कारण हालचाल नसलेला थवा पक्ष्याला खोटा वाटतो. रानहंसांसाठी (इंग्रजीत गूज) शेतात मांडणी करताना चार-पाचांचे छोटे गट करा. पिल्लं पहिल्या हिवाळ्यापर्यंत आईबापांसोबतच राहतात, त्यामुळे खरा थवाही कुटुंबांचाच बनलेला दिसतो.

लपण त्याच जागेवरच्या गवताचं करा, दुसरीकडून आणलेलं गवत रंगाने उठून दिसतं. माणसाला सगळ्यात जास्त उघडं पाडतो तो वर वळलेला चेहरा. तो झाका, टोपीच्या कडेखालून बघा, मान हलवू नका. कुत्रा असेल तर तोही झाकलेला आणि शांत हवा.

बदकाचा आवाज काढणारी शिटी लोक फार वाजवतात. पक्षी पाठ दाखवून दूर चालला की वाजवा, तुमच्याकडे वळला की थांबा. मोठ्याने क्वॅक-क्वॅक करते ती मॅलार्ड जातीच्या बदकाची मादी. टील आणि पिनटेल या जातींचे नर शीळ घालतात.

ओळख हा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. हंगामाच्या सुरुवातीला नरांची पिसं अजून पालटत असतात, सगळीच बदकं तपकिरी दिसतात. तेव्हा पंखावरचा चमकता पट्टा बघा: मॅलार्डचा निळसर-जांभळा, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रेघांचा, टीलचा हिरवा. उथळ पाण्यातली बदकं सरळ वर उडी घेतात, बुडी मारणारी पाण्यावर धावत उठतात. स्नो गूज या पांढऱ्या रानहंसाच्या पंखांची टोकं काळी असतात, स्वान म्हणजे मोठ्या पांढऱ्या हंसाची पांढरी. स्वान बहुतेक ठिकाणी संरक्षित आहे. जात ओळखली नाही तर गोळी नाही.

छर्रे पोलादी किंवा दुसरे बिनविषारी घ्या. चरताना पाणपक्षी खड्यांसोबत शिशाचे छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात; म्हणूनच अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांसाठी शिसं देशभर बंद केलं. पोलादाची घनता साधारण ७.८, शिशाची ११.३. हलका छर्रा लवकर वेग गमावतो, त्यामुळे शिशापेक्षा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो. बदकांना मी २ नंबरचा छर्रा वापरतो, रानहंसांना त्याहून मोठा बीबी. जुन्या बंदुकीतून पोलाद मारण्याआधी तिची नळी आणि चोक (नळीच्या टोकाचा अरुंद भाग) त्याला चालतात का, हे जाणकाराकडून बघून घ्या.

थव्यावर मारू नका. एकच पक्षी निवडा, त्याच्या मागून बंदूक फिरवत पुढे न्या आणि चाप ओढल्यावरही फिरवणं थांबवू नका. रानहंस आकाराने मोठा, म्हणून आहे त्यापेक्षा जवळ आणि संथ वाटतो. तिथेच लोक लांबून मारतात आणि पक्षी जखमी होऊन निघून जातो.

पडला की नजर त्या जागेवरून हलवू नका. पाण्यावर जिवंत दिसला तर दिशा सुरक्षित बघून लगेच दुसरा बार. तो हाती आल्याशिवाय पुढच्या थव्याकडे बघायचंही नाही. वेडर्सना (पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या जलरोधक पँटला) कमरपट्टा आणि होडीत लाइफ जॅकेट हवंच. थंड पाणी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काही मिनिटांत निकामी करतं.

सुस्त किंवा मेलेला सापडलेला पक्षी उचलू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो. साफ करताना हातमोजे घाला, मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजवा. पायात कडं दिसलं तर त्यावरचा क्रमांक तिथल्या नोंदणी केंद्राला कळवा. तो पक्षी कुठून निघाला होता, हे बहुतेक वेळा तुम्हालाही कळवलं जातं.