आशाताईंनो, अडकलेला मोबदला सगळ्यांनी मिळून कसा काढायचा

पहिले एक सांगते, एकटीने पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जाऊन तोंडी विचारू नका. "ताई, वरूनच बजेट आलं नाही" हे उत्तर तयारच असतं अन आपण गपचूप घरी येतो. आधी कागद जमवा. क्लेम फॉर्म सिस्टरकडे देण्याआधी मोबाईलमधे फोटो काढायचा, दर महिन्याला, अन पासबुकला एन्ट्री मारून घ्यायची. पासबुकात नुसता आकडा दिसतो, कोणत्या कामाचे किती ते कळत नाही, म्हणून हिशोब कामावार मागायचा. आता एचबीएनसीचे, म्हणजे नवजात बाळाला घरी जाऊन बघायचे 250 रुपये घ्या, दवाखान्यात डिलिव्हरी झाली तर 3, 7, 14, 21, 28 अन 42 व्या दिवशी भेट असते, तारीख अन बाळाचं वजन डायरीत लिहिलेलं असलं की "भेट दिसत नाही" म्हणायला कोणाला जागाच राहत नाही.

मग पीएचसीच्या सगळ्या आशांचा मिळून एकच अर्ज. नाव, महिना, काम, बाकी रक्कम, सह्या. दोन प्रती न्यायच्या अन आपल्या प्रतीवर शिक्का, आवक नंबर घेतल्याशिवाय हलायचं नाही. तरी हललं नाही तर माहिती अधिकार टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न एकच पण नेमका: अमुक महिन्याचा निधी तालुक्याला कोणत्या तारखेला आला अन कोणत्या तारखेला वाटला?

"कामावरून काढू, दुसरी आशा नेमू" असं कोणी म्हटलं तर शांतपणे "साहेब, लेखी द्या" म्हणायचं. लेखी सहसा कोणी देत नाही.

2005 पासून आपल्याला स्वयंसेविकाच म्हणतात, 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने कामगार माना असं सांगूनसुद्धा. 2022 ला डब्ल्यूएचओचा पुरस्कार मिळाला, छान वाटलं, पण पुरस्कारावर किराणा मिळत नाही ना. 2024 मधे राज्याने महिन्याला 5000 वाढवले ते संप करून, आझाद मैदानावर बसल्यावरच.

जिल्हा परिषदेवर मोर्चा काढायचा तर पोलिसांना आधी लेखी कळवा. भोंगऱ्या (होळीआधीचा आदिवासी बाजार) अन होळीचा आठवडा सोडा, नंदुरबारमधल्या धडगाव मोलगीकडच्या ताया तेव्हा येऊच शकत नाहीत, अन मे महिन्यात जळगावच्या उन्हात दुपारी तर नकोच. पावरी, भिली बोलणाऱ्या तायांना मागण्या त्यांच्या बोलीत सांगा, नुसत्या सह्या घेऊ नका. संपात ऑनलाईन कामं, सर्व्हे बंद ठेवा, पण कळा सुरू झालेल्या बाईसाठी 108 लावायचीच, हे आधीच सगळ्यांनी ठरवून घ्या. अन वर्गणीचा हिशोब त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका, गाडीभाड्याच्या पावतीसकट.