देणगीतलं सॉफ्टवेअर घेण्याआधी काय तपासायचं

बेळगावातल्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पारायणाची पत्रकं, सोसायट्यांचे अहवाल. बऱ्याचदा एकाच कागदावर मराठी आणि कन्नड दोन्ही. खानापूर, निपाणीकडच्या शाळा-वाचनालयांची मंडळी कामाला आली की विचारतात, मोठी कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, संगणक आणि सॉफ्टवेअर देतेय, मुक्त सॉफ्टवेअरला आमचा पाठिंबा आहे म्हणतेय, घ्यावं का?

घ्या. कंपनीचं मन ओळखत बसू नका. ती उद्या निघून गेली तर आपल्या हातात काय उरतं, ते तपासा.

आधी परवान्याचं नाव विचारा, म्हणजे सॉफ्टवेअर कोणत्या अटींवर मिळतंय ते. जीपीएल, एलजीपीएल, एमपीएल, अपाचे किंवा फॉन्टला ओएफएल असा मुक्त परवाना असेल, तर वापरणं, कोड (प्रोग्राम ज्यात लिहिलाय तो मूळ मजकूर) बघून बदलणं, प्रती वाटणं आणि बदललेल्या प्रतीही वाटणं, हे चारही हक्क तुमचे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे हेच. नुसतं ‘शाळांसाठी मोफत’ असेल, तर उद्या पैसे मागायचे की नाही ते कंपनी ठरवणार. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीला हिशेबाचा प्रोग्राम असाच मोफत मिळाला होता. पुढे पैसे मागितले, आणि सभासदांच्या नोंदी बाहेर काढायची सोयच त्यात नव्हती. सगळं पुन्हा हाताने टाइप करावं लागलं.

श्रीमंतांचा पैसा खरंच कामी येतो, हे मी रोज बघते. स्कॅन केलेल्या पानावरचा मजकूर वाचणारं टेसरॅक्ट एचपी कंपनीत तयार झालं, २००५ मध्ये मुक्त झालं आणि पुढच्या वर्षापासून त्याच्या विकासाला गूगलने पैसा दिला. आज ते छापील मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतं. जुन्या स्मरणिका स्कॅन केल्यावर मजकूर मी त्यातूनच काढते. लोहित फॉन्ट रेड हॅट कंपनीने मुक्त केले, त्यातही दोन्ही लिप्या आहेत. स्वार्थ असेल त्यांचा, असू दे. दिलेलं परत घेता येत नाही.

पुढच्या आवृत्तीचा परवाना मात्र बदलता येतो, म्हणून कॉपीराइट कुणाकडे आहे तेही विचारा. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, कॉपीराइट तो लिहिणाऱ्या हजारोंमध्ये विखुरलेला आहे, तिथे एकट्या कंपनीचं चालत नाही. सर्व्हर उभारायला वापरलं जाणारं टेराफॉर्म मात्र एकट्या हॅशिकॉर्प कंपनीच्या हातात होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी परवाना आवळला. जुनी आवृत्ती मुक्त होती म्हणून लोकांना तिच्यावर ओपनटोफू हा वेगळा मुक्त प्रकल्प उभा करता आला. २०१० मध्ये ओपनऑफिस हे पत्रं, तक्ते करायचं मुक्त सॉफ्टवेअर ओरॅकल कंपनीकडे गेलं, तेव्हा लिब्रेऑफिसही असंच वेगळं निघालं.

करारात हे लिहून घ्या: मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर तसाच दिसणारी अक्षरांची पद्धत), नोंदी सीएसव्हीत (कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडणारी साध्या तक्त्याची फाइल) काढता येतील अशा, दोन्ही भाषांत काम चालेल असं, आणि आपल्यासाठी काही नवं बनवलं तर त्याचा कोड जीपीएलखाली सर्वांना खुला. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा खर्चही मागा. जमलं तर मूळ प्रकल्पालाही थोडी रक्कम द्यायला सांगा. ओपनएसएसएल हे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणारं मुक्त सॉफ्टवेअर. २०१४ मध्ये त्यातली हार्टब्लीड नावाची सुरक्षेची त्रुटी उघडकीला आली, तेव्हा निम्मं इंटरनेट ज्याच्यावर विसंबून होतं त्या या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या येत होत्या. त्यानंतर कुठे बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशन या संस्थेमार्फत निधी उभा केला.

कंपनी यातलं काहीच लिहून द्यायला तयार नसेल, तर संगणक तेवढे घ्या. लिब्रेऑफिस आणि दोन्ही भाषांचे कीबोर्ड मी बसवून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.