शिक्षणसेवकाची तीन वर्षं: मेळघाटातून, नव्याने येणाऱ्यांसाठी

रुजू व्हायला गेलो त्या दिवशी केंद्रप्रमुखांनी कपाटातून जुनी हजेरीपत्रकं काढली आणि मला शिक्षकांच्या सह्या मोजायला लावल्या. अकरा वर्षांत नऊ जण. "तुम्ही दहावे," ते म्हणाले. "कधी जाणार ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे आमची धावपळ वाचेल." थट्टाच होती. पण बाहेर वऱ्हांड्यात बसलेली पोरं ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होती, त्यात थट्टा नव्हती. हाही जाणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

गंमत म्हणजे कागदावर ही शाळा फारशी रिक्त कधी नव्हतीच. पहिली ते चौथी, पट ४३, दोन शिक्षक मंजूर. शिक्षण हक्क कायद्यानं ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, आणि दोन पदं बहुतेक भरलेली असायची. माणसं तेवढी बदलत राहायची. भरतीच्या बातम्यांत रिक्त पदांचा आकडा येतो, पण शिक्षक टिकला किती हे कुठंच येत नाही. मी लिहितोय ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल. आत कसं यायचं तेही सांगतो, कारण आत येण्याच्या वाटेवरच आमची निम्मी मुलं गळतात.

मी कोरकू. धारणी तालुक्यातला. २०११ मध्ये डी.एड. झालो आणि २०१९ मध्ये नोकरीला लागलो. मधली आठ वर्षं कुठं गेली? मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली, तीत मी नापास. पुढच्या वर्षी पास. मग डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी, जिला सगळे 'टेट' म्हणतात. तिच्या गुणांवर 'पवित्र' या सरकारी शिक्षक भरती पोर्टलची यादी लागली ऑगस्ट २०१९ मध्ये. या काळात मी एका आश्रमशाळेत तासिकेवर शिकवलं, रोजगार हमीवर मेट म्हणून हजेऱ्या घेतल्या, आणि दोन उन्हाळे मोहाची फुलं वेचली. माझ्याबरोबर डी.एड. केलेले आमच्या भागातले पाच जण होते. एक वनरक्षक झाला, एक पोलिसात गेला, दोघं शेती-मजुरी करतात, एकीचं लग्न झालं आणि तिचं प्रमाणपत्र पेटीत गेलं. पाचही जण कोरकू बोलणारे. आणि त्याच वर्षांत आमच्या शाळांना 'स्थानिक भाषा येणारा शिक्षक मिळत नाही' अशी तक्रार मी बैठकांमधून ऐकत होतो.

आता तुमच्याकडे वळतो. बारावीला राखीव प्रवर्गातून ४४.५ टक्के असतील तर डी.एल.एड.ला (पूर्वीचं डी.एड.) अर्ज करता येतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पण प्रवेश घेतला त्याच आठवड्यात अभ्यासाआधी एक काम सुरू करा: जात पडताळणी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा असेल तर प्रकरण लवकर सुटतं. म्हणजे आजा-पणजाचा शाळेचा दाखल-खारीज उतारा, नाहीतर कोतवाल बुकाची नक्कल, नाहीतर जमिनीचा जुना कागद. आमच्यात आजा शाळेत गेलेलाच नसतो. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात फेऱ्या. नावात 'कास्देकर' एकीकडे, 'कासदेकर' दुसरीकडे, असं निघालं की प्रतिज्ञापत्रं. मला दीड वर्ष लागलं. यादीत नाव आल्यावर धावाधाव करणारी मुलं मी बघितली आहेत, फार वाईट अवस्था होते.

पेसाच्या, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या राखीव, जागेसाठी आणखी एक दाखला लागतो. तुम्ही स्वतः, किंवा आई-वडील, किंवा आजी-आजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात सलग राहत आला आहात, असा. हा आणि जातीचा दाखला वेगळे आहेत. दरवर्षी कुणीतरी गोंधळ करतोच.

पेसाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मुलं त्यावर फार भिस्त ठेवतात. २०१४ च्या जूनमध्ये राज्यपालांची अधिसूचना निघाली आणि अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली गेली. २०१९ मध्ये तिच्यात लोकसंख्येच्या प्रमाणानुसार बदल झाला. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आंध्र प्रदेशच्या प्रकरणात अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकपदांचं शंभर टक्के आरक्षण रद्द ठरवलं. त्याची झळ पुढे इकडेही पोचली. माझ्यानंतरच्या भरतीत निवड होऊनही १७ संवर्गांतली मुलं नेमणुकीविना बसून राहिली. २०२४ मध्ये नाशिकला उपोषणं झाली, आमदारांनी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या मारल्या, तेव्हा कुठं मानधनावर नेमणुका निघाल्या. म्हणून सांगतो, पेसाचा दाखला जरूर काढा, पण अभ्यास सर्वसाधारण गुणवत्तेत बसेल असाच करा. एकाच दोरावर लटकू नका.

परीक्षा. टीईटीचा पहिला पेपर १५० गुणांचा: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. आपल्याला ५५ टक्के, म्हणजे ८३ लागतात. निकाल बहुतेक वेळा एकेरी टक्क्यांत असतो, त्यामुळे नापास झालात तर लाजू नका. पहिल्या खेपेला मला ७४ होते. गणितात २४ आणि मराठीत ११! म्हणी, वाक्प्रचार, समास. घरी कोरकू, बाजारात हिंदी, आणि मराठी फक्त शाळेत. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' हे मला कुणी रागावून म्हटलंच नव्हतं कधी, तर अर्थ कुठून येणार? कोरकू मुलांच्या शाळेसाठी शिक्षक निवडायचा आणि त्याला कोरकू येते का हे एकाही प्रश्नात विचारायचं नाही, हे मला आजही पटत नाही. पण नियम आहे तो आहे. मी वर्षभर रोज जुनी पाठ्यपुस्तकं मोठ्यानं वाचली, म्हणींची वही केली. आपल्या मुलांनी मराठीला गणिताइतकाच वेळ द्यावा. गाईडं हे सांगत नाहीत, कारण ती मराठी घरातल्या मुलांसाठी लिहिलेली असतात.

टेटमध्ये पास-नापास नाही, गुणवत्ता यादी आहे. २०० प्रश्न, १२० मिनिटं, संगणकावर. एका प्रश्नाला ३६ सेकंद. मी त्याआधी माउस हातात धरला होता तो सेतू केंद्रात, ऑपरेटर चहाला गेला तेव्हा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात परतवाड्याच्या एका सायबर कॅफेत चार दिवस नुसतं क्लिक करायला शिकलो. ते पैसे सर्वांत सत्कारणी लागले. आणि 'गुण वाढवून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर उठून चालू लागा. २०१९-२० च्या टीईटी घोटाळ्यात हजारो उमेदवारांवर बंदी आली. त्यांतल्या कित्येकांनी शेत विकून पैसे भरले असतील.

टीईटी पास करून ठेवल्याचा फायदा आता कळतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असतील त्यांना दोन वर्षांत पास व्हायचंय. ज्या गुरुजींनी मला रजेचा अर्ज लिहायला शिकवलं, ते आता माझी म्हणींची वही मागतात. झेरॉक्स दिली.

नोकरी लागली की खरी परीक्षा पैशांची. पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवक, म्हणजे पगार नाही, मानधन. माझ्या वेळी प्राथमिकला महिना ६,००० रुपये. धारणीत खोली घेतली असती तर भाडं, पेट्रोल आणि डबा यांतच ते संपले असते. म्हणून मी शाळेच्या गावातच राहिलो, एका म्हाताऱ्या मामाच्या घरी, ओसरीला कुडाची भिंत घालून. जानेवारी २०२३ पासून मानधन १६,००० झालं. माझी तीन वर्षं सप्टेंबर २०२२ मध्ये संपली होती. असो. नियमित झाल्यावर मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, आदिवासी भागात एकस्तरचा, म्हणजे एक पायरी वरच्या वेतनश्रेणीचा, लाभही असतो, तेव्हा सेवापुस्तकातल्या नोंदी स्वतः डोळ्यांनी बघा. आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा की मास्तर झालो म्हणजे पैसा आला असं नाही. मी सांगितलं नाही. पहिल्या होळीला पाहुण्यांनी माझ्याकडे असा फगवा मागितला की मला उसने घ्यावे लागले.

भाषेचं बाहेरच्यांना वाटतं तितकं सोपं नाही. पहिलीच्या वर्गात 'पाणी' म्हणालो तर पोरं भिंतीकडे बघतात, 'डा' म्हणालो की माठाकडे पळतात. एवढं खरं. मिया, बारी, आफई म्हणत चिंचोके मोजले की बेरीज दोन दिवसांत येते, हेही खरं. पण मी सुरुवातीला सगळंच कोरकूत शिकवू लागलो आणि दिवाळीपर्यंत मुलांना मराठीचं एक वाक्य येईना. पालकांनीच विचारलं, "कोरकू तर आम्हीच शिकवतो, तू कशाला?" मग हळूहळू ओळखी कोरकूकडून अनोळखी मराठीकडे जायची रीत बसवली. त्यासाठी मला कुठलं प्रशिक्षण नव्हतं. भाषा येणं आणि तिच्यातून शिकवता येणं या दोन गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: आपल्याच माणसांत मास्तर होणं जड जातं. बाहेरचा आला तर 'गुरुजी, बसा' म्हणून खाट टाकतात. मला लहानपणीच्या नावानं हाक मारायचे. रेशनचा अर्ज, बँकेचं पासबुक, भूमकाशी (गावच्या मांत्रिकाशी) भांडण, सगळं माझ्याकडे. लग्नाला नाही गेलो तर शहाणा झाला म्हणायचे, गेलो तर शाळा बंद. दीड वर्षानं मी एक नियम केला, शाळेच्या वेळेत फक्त शाळा, अर्ज संध्याकाळी. काही जण रुसले, अजून रुसलेले आहेत.

माझ्या जोडीला ज्या ताई होत्या त्या सोलापूरकडच्या. पहिल्या महिन्यात रोज रडायच्या. ना नेटवर्क, ना घरात संडास, आणि सापाची भीती. मला वाटलं, दिवाळीच्या सुट्टीला गेल्या की येणार नाहीत. पण अंगणवाडीच्या ताईंनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं, आणि बदल्यात कोरकू शिकवली की जेवण शिकवलं ते त्या दोघींनाच माहीत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही दोघं गावातच होतो, म्हणून चार ओसऱ्यांवर चार गट बसवता आले. वर मोबाइलवरून अभ्यास पाठवा असे आदेश होते. आमच्याकडे रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तेव्हा कोरकू असला तरच टिकतो असं मी म्हणणार नाही. ज्याला गावात रात्र काढायला जागा आणि एक माणूस मिळतो तो टिकतो. बाईमाणसाला तर जागा आधी, बाकी सगळं मग. गाव, ग्रामपंचायत यांनी एक खोली आणि एक न्हाणी बांधली तर भरतीच्या दहा जाहिरातींचं काम होईल, हे माझं ठाम मत.

त्या ताई पुढे गेल्याच, पण पळून नाही. अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की बदलीचा अधिकार मिळतो, शिवाय पती-पत्नी एकत्रीकरणाचा संवर्ग. त्यांनी अर्ज केला, मिळाली. मी त्यांना दोष देत नाही, त्यांचं मूल आजीकडे वाढत होतं. तुम्हालाही सांगतो, बदलीचा अर्ज करणं पाप नाही. फक्त जाण्याआधी वर्गाची नोंदवही अशी ठेवा की पुढच्याला कोणतं पोर कुठं अडलंय ते कळेल. ताईंनी ठेवली होती, दोनशे पानी. त्याआधीच्या नऊ जणांपैकी एकाचंही काही सापडलं नव्हतं. माझीही तीन वर्षं कधीच पुरी झाली. दर बदलीच्या हंगामात कुणाचा 'खो' बसतो, म्हणजे कोण आपली जागा मागून आपल्याला हलवतो, याच्या चर्चा रंगतात, माझ्या घरूनही दबाव असतो. गेल्या खेपेला फॉर्म उघडला, पसंतीक्रमाच्या पानापर्यंत गेलो आणि रेंज गेली. पुन्हा टेकडीवर गेलो नाही.

पहिल्या वर्षी माझ्याकडे चौथीत असलेली एक मुलगी परवा भेटायला आली. आता अकरावीला आहे. "सर, डी.एड. करू की पोलीस भरती?" पोलीस भरतीत लवकर लागेल, हे मी तिला खरंच सांगितलं. माझी आठ वर्षंही सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण कागद कोणते लागतात?" तिचा आजा शाळेत गेला नव्हता. पणजाच्या नावावर थोडी जमीन होती म्हणे. सोमवारी बाजार आहे, त्यामुळे मंगळवारी आम्ही दोघं तिच्या वडिलांना घेऊन धारणीला तहसीलच्या अभिलेख कक्षात जाणार आहोत.